वांटणी : शेताची आणि संगणकाची



आजच्या भाषणाचा विषय ऐकून कित्येकांना आश्चर्य वाटेल. घरांत आणलेल्या संगणकाच्या हार्ड डिस्कचे भाग कसे पाडावे, किती पाडावे, कीं मुळींच पाडूं नयेत, हा प्रश्न दुकानदाराचा, किंवा फार तर घरांतील एखाद्या चुणचुणीत मुलाचा. त्यांत इतिहासानें लक्ष घालावें असें काय आहे, असें कोणीहि म्हणेल. परंतु माझें म्हणणें असें कीं, हा प्रश्न नवा नाहीं. एक क्षेत्र आहे, त्याचे हक्कदार अनेक आहेत, प्रत्येकाला आपापली हद्द हवी आहे, आणि एकदां घातलेला बांध पुन्हां हलविणें महाकठीण आहे. हा प्रश्न आमच्या पवनाकांठच्या गांवांनीं पिढ्यान् पिढ्या सोडविला आहे, आणि पुष्कळदां चुकीचा सोडविला आहे. त्या चुकांचा हिशेब ज्यानें पाहिला, त्याला आपल्या टेबलावरच्या यंत्राची वांटणी करतांना थोडें शहाणपण सुचण्याचा संभव आहे. मला तें उशिरां सुचलें. त्याची किंमतहि द्यावी लागली. ती हकीकत ओघानें येईलच.

पिंपरी-चिंचवडच्या हद्दींत पवनेच्या कांठीं पिंपळे सौदागर नांवाचें गांव आहे. आज तेथें उंच इमारतींची दाटी झाली असून हिंजवडीच्या संगणक-उद्योगांत काम करणारीं कुटुंबें तेथें मोठ्या संख्येनें राहतात. ह्याच गांवाचा शंभर वर्षांपूर्वीं एका विद्वानानें बारकाईनें अभ्यास केला होता. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरल्ड मॅन हे ते गृहस्थ. गांवची माती, पीकपाणी, कर्ज आणि जमाखर्च ह्यांची सहकाऱ्यांसह पाहणी करून त्यांनीं दक्षिणेंतील एका खेड्यांतील जमीन व श्रम ह्या विषयावरचें आपलें पुस्तक १९१७ सालीं प्रसिद्ध केलें. हिंदुस्थानांतील खेड्यांच्या अभ्यासांत तें पुस्तक आजहि आदरानें उल्लेखिलें जातें.

त्या पुस्तकांतले आंकडे विचार करण्यासारखे आहेत. १७७१ सालीं ह्या गांवांत एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती. १८१८ सालीं, म्हणजे पेशवाई बुडाली त्या वर्षीं, ती साडेसतरा एकरांवर आली. १८२० ते १८४० च्या दरम्यान ती १४ एकर होती. आणि १९१४-१५ सालीं अवघी ७ एकर. तीहि एका जागीं नव्हे. १५६ मालकांची जमीन ७२९ तुकड्यांत विखुरलेली होती. त्यांपैकीं ४६३ तुकडे एका एकराहून लहान, आणि ११२ तुकडे तर पाव एकराच्याहि आंतले. पाव एकर म्हणजे दहा गुंठे. शाळेंत मी मुलांना सांगत असें कीं, मोजणीची ३३ फुटांची साखळी घ्या, तिचा चौरस करा, तो एक गुंठा. असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. दहा गुंठ्यांच्या तुकड्यांत बैलजोडी वळवितां वळवितांच शेत संपतें.

हें असें कां झालें? लोक मूर्ख होते म्हणून नव्हे. बापामागें चार भाऊ, आणि जमीन चार ठिकाणीं. एक तुकडा काळ्या मातीचा, एक मुरमाड, एक नदीकांठच्या मळईचा, एक विहिरीच्या पाण्याखालचा. एकेका भावास एकेक तुकडा द्यावा, तर मुरमाड कोणाच्या पदरीं बांधावा? म्हणून प्रत्येक तुकड्याचे चार चार भाग होत. न्याय पुरा होई; पण सोळा तुकडे पडत. पुढच्या पिढींत त्याच न्यायानें त्यांचेहि तुकडे पडत. वांटणी करणाऱ्याचें कारण त्या दिवसापुरतें खरें असतें. कारण संपतें, माणसें जातात, पण बांध राहतो. आणि बांधाखालीं जी जमीन जाते, ती कोणाचीच राहत नाहीं. ही गोष्ट आपण ध्यानांत ठेवूं या, कारण संगणकाच्या इतिहासांत ती जशीच्या तशी पुन्हां भेटणार आहे.

सरकारच्या नजरेस ही स्थिति आली नव्हती असें नाहीं. १९२७ सालीं मुंबई कायदेमंडळापुढें लहान धारणांविषयीं एक विधेयक आलें. परंतु शेतकऱ्याचा वडिलोपार्जित हक्क जाईल ह्या भीतीनें त्याला मोठा विरोध झाला आणि तें मागें घ्यावें लागलें. पुढें १९४७ सालीं मुंबईचा तुकडेबंदी व एकत्रीकरणाचा कायदा झाला. त्यानें प्रत्येक भागापुरतें प्रमाणभूत क्षेत्र ठरविण्याची सोय केली, त्याहून लहान तुकडा पाडण्यास बंदी घातली, आणि विखुरलेले तुकडे एकत्र करून त्यांचे गट बांधण्याची तरतूद केली. चाकणकडे जाणाऱ्या रस्त्यानें आपण गेलां, तर कारखान्यांच्या फाटकांवरील पाट्यांवर ‘गट नंबर’ असे शब्द दिसतील. मोटारींचे सुटे भाग जेथें घडविले जातात, तेथील पत्त्यांत अजून शेतीच्या एकत्रीकरणाची खूण शिल्लक आहे. इकडे निगडीला गेलांत, तर पत्ता ‘सेक्टर’ ह्या शब्दानें सांगतात; कारण १९७२ सालीं स्थापन झालेल्या नवनगर विकास प्राधिकरणानें तेथील जमीन आधीं सेक्टरांत आंखली आणि मग भूखंडांत. तें प्राधिकरण २०२१ सालीं विसर्जित झालें. सेक्टर मात्र लोकांच्या तोंडीं कायम आहेत.

आतां योगायोग पाहा. हार्ड डिस्कवरील जागेच्या मोजमापालाहि ‘सेक्टर’ हेंच नांव आहे. तबकडीवर एकाआंत एक अशीं वर्तुळें असतात, प्रत्येक वर्तुळाचे लहान लहान खंड पाडलेले असतात, आणि अशा एका खंडांत परंपरेनें ५१२ बाइट, म्हणजे ढोबळ मानानें ५१२ रोमन अक्षरें, मावतात. हा संगणकाचा गुंठा होय.

ह्या तबकड्यांचा जन्म १९५६ चा. आयबीएम कंपनीनें त्या वर्षीं जें पहिलें यंत्र बाहेर काढलें, त्यांत दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, आणि त्या सगळ्या मिळून सुमारें ५० लाख अक्षरें सांठवीत. एखाद्या मोठ्या कपाटाएवढें तें धूड होतें. त्या काळीं घरगुती वांटणीचा प्रश्नच नव्हता. यंत्र संस्थेचें, मालक एक. प्रश्न उद्भवला तो १९८३ सालीं. त्या वर्षीं आयबीएमनें आपल्या लहान संगणकांत १० मेगाबाइटची हार्ड डिस्क घातली, आणि मायक्रोसॉफ्टच्या डॉस प्रणालीची दुसरी आवृत्ति त्याबरोबर आली. एकाच तबकडीवर निरनिराळ्या प्रणाली शेजारीं शेजारीं नांदाव्यात, एवढ्यासाठीं तबकडीचे भाग पाडण्याची पद्धति तेव्हां घालून देण्यांत आली. पहिले दोन वर्ण, ए आणि बी, हे लवचीक तबकडीच्या खणांसाठीं राखलेले होते. म्हणून हार्ड डिस्कच्या पहिल्या भागास सी हें नांव मिळालें. ते खण केव्हांच नाहींसे झाले, पण घरोघरचे संगणक अजून सी पासूनच मोजूं लागतात.

ती पद्धति अशी होती. तबकडीच्या अगदीं पहिल्या सेक्टरांत, त्या ५१२ बाइटांतच, सगळा कारभार बसविला होता. ४४६ बाइट यंत्र सुरू करणाऱ्या आज्ञांस, ६४ बाइट वांटणीच्या कोष्टकास, आणि उरलेले २ बाइट ओळखीच्या शिक्क्यास. कोष्टकांत प्रत्येकीं १६ बाइटांच्या चार नोंदी. भाग कोठें सुरू होतो, किती लांब आहे, कोणत्या जातीचा आहे, आणि यंत्र त्यावरून सुरू करावें कीं नाहीं, एवढें त्या नोंदींत लिहिलेलें. खेड्यांत तलाठ्याच्या दप्तरांतील सातबाराचा उतारा जें काम करतो, तेंच काम हें कोष्टक करतें. जमीन जागच्या जागीं असते. पण उतारा हरवला कीं मालक परका होतो. तबकडीवरील मजकूर शाबूत असून कोष्टक बिघडलें, तर संगणक म्हणतो, येथें कांहींच नाहीं. ह्या पद्धतीला तिच्या इंग्रजी नांवाच्या आद्याक्षरांवरून एम-बी-आर असें म्हणतात.

चारच नोंदी कां, असें विचाराल, तर दहा मेगाबाइटच्या तबकडीला चार म्हणजे चैन होती. पण तबकड्या वाढल्या. डॉस प्रणाली एका भागांतील सेक्टर जास्तींत जास्त ६५,५३६ पर्यंतच मोजूं शके. त्यास ५१२ नें गुणा. ३२ मेगाबाइट होतात. तेव्हां चाळीस मेगाबाइटची तबकडी घेणाऱ्यास ती फोडल्यावांचून गत्यंतर नव्हतें. १९८७ सालीं डॉसच्या ३.३ ह्या आवृत्तीनें एका नोंदीच्या पोटांत अनेक पोटभाग करण्याची युक्ति आणली. आपल्याकडे सर्व्हे नंबराचे पोटहिस्से पडतात, तसेंच हें.

पुढें ती मर्यादा वाढून २ गिगाबाइटवर गेली. पण तिच्याबरोबर एक नवी अडचण आली, आणि घरगुती संगणकांवर सी, डी, ई, एफ अशी रांग लागण्याचें एक मोठें कारण ती होय. तेव्हांची फॅट-१६ ही सांठवणीची रीति मजकुराला जागा देतांना ठराविक मापाचेंच वाफे देई, आणि भाग जितका मोठा तितका वाफा मोठा. २ गिगाबाइटच्या भागांत एक वाफा ३२ किलोबाइटचा. म्हणजे एक किलोबाइटची चिठ्ठी ठेवली तरी ३२ किलोबाइट अडत, आणि ३१ फुकट जात. तीच तबकडी सुमारें पांच-पांचशें मेगाबाइटच्या चार भागांत वांटली, तर वाफा ८ किलोबाइटवर येई. तेव्हां त्या काळीं तबकडी फोडणारा शहाणाच होता. आमच्या पिंपळे सौदागरच्या चार भावांप्रमाणें त्याचें कारण त्या दिवसापुरतें अगदीं खरें होतें.

परंतु १९९६ सालीं विंडोज ९५ च्या सुधारलेल्या आवृत्तींत फॅट-३२ ही रीति आली, आणि ८ गिगाबाइटपर्यंतच्या भागांतहि वाफा ४ किलोबाइटचा झाला. एन-टी-एफ-एस ही रीति तर १९९३ पासूनच मोठ्या यंत्रांवर होती, आणि पुढें ती घरोघर पोंचली. म्हणजे तबकडी फोडण्याचें मूळ कारण नाहींसें झालें. रूढि मात्र उरली. पुढेंहि कितीतरी वर्षें दुकानदार न विचारतां चार भाग पाडून देत, आणि घेणारेहि चार भाग नसले तर कांहीं तरी कमी मिळालें असें समजत. कारण संपतें आणि बांध राहतो, असें मीं म्हटलें तें हेंच.

आतां माझी हकीकत सांगतों. सेवानिवृत्तीच्या आधींपासून मला एक छंद होता. कारखान्यांसाठीं ज्यांच्या जमिनी गेल्या, अशा वृद्ध शेतकऱ्यांकडे जाऊन मी त्यांच्या शेतांचीं नांवें लिहून घेत असें. नकाशावर शेताला नंबर असतो. पण घरांत त्याला नांव असे. कोणाचें चिंचेखालचें, कोणाचें थोरल्या आईचें, कोणाचें भांडणाचें. आठ वर्षांत पुष्कळ गांवांची अशी माहिती जमली, आणि ती मीं घरच्या संगणकावर उतरून ठेवली. यंत्रांत एकच भाग होता. प्रणाली त्यांतच, आणि माझा मजकूरहि त्यांतच. एके दिवशीं यंत्र सुरू होईना. दुकानांत नेलें. संध्याकाळीं यंत्र उत्तम चालूं लागलें होतें. तबकडी पुसून तिच्यावर प्रणाली नव्यानें बसविली होती. “आंत कांहीं होतें का, काका?” असें त्या मुलानें विचारलें, तें काम झाल्यावर. मी त्याच्यावर रागावलों नाहीं. आधीं सांगणें हें माझें काम होतें, आणि मीं तें केलें नव्हतें.

त्यानंतर मीं भीतीपोटीं नवी तबकडी घेऊन तिचे पांच भाग केले. वहींतून जेवढें सांपडलें आणि जेवढ्यांना पुन्हां विचारतां आलें, तेवढें पुन्हां लिहिलें. एक प्रत डी भागांत आणि खबरदारी म्हणून दुसरी ई भागांत ठेवली. आतां चिंता नाहीं असें मला वाटलें. थोड्याच दिवसांत प्रणालीची अद्ययावत करणीं येऊन येऊन सी भागांत पाऊल ठेवायला जागा राहिली नाहीं, आणि तिकडे एफ भाग पडीक जमिनीसारखा मोकळा पडला. सी च्या लगतची जमीन डी ची असल्यामुळें एफ मधील मोकळी जागा सी ला देतां येईना. लांबचा तुकडा असून नसून सारखा, ही गोष्ट त्या गांवच्या शेतकऱ्यानें मला केव्हांच सांगितली असती. अखेर एका सकाळीं तबकडींतून टक् टक् असा आवाज आला आणि ती कायमची बंद पडली. पांचहि भाग एकदम गेले. डी मधली प्रत गेली, आणि ई मधलीहि गेली.

तेव्हां मला जें उमगलें, तें पुणेकरांना १९६१ च्या जुलै महिन्याच्या १२ तारखेलाच कळलें होतें. पानशेतचें धरण फुटून नदीकांठच्या पेठांत पाणी शिरलें, तेव्हां ज्यांनीं महत्त्वाचे कागद माजघरांत एक आणि कोठीच्या खोलींत एक असे ठेवले असतील, त्यांच्या दोन्ही प्रति सारख्याच भिजल्या असतील. भिंत ही घरांतल्या घरांत सोय करते; घरावर येणाऱ्या संकटाला ती अडवीत नाहीं. तबकडीचा भाग हा भिंतीसारखा आहे. प्रणाली पुन्हां बसवितांना मजकूर वांचावा, एवढें काम तो उत्तम करतो. तबकडीच मेली तर तो कोणालाहि वांचवीत नाहीं.

ह्या ठिकाणीं आणखी एक जुना दाखला देण्यासारखा आहे. इंग्रजी अंमलाच्या आरंभीं, १८३० च्या सुमारास, प्रिंगल नांवाच्या अधिकाऱ्यानें दक्षिणेंत जमिनीची पाहणी करून निव्वळ उत्पन्नावर धारा बसविला. हिशेब अतिशय सूक्ष्म होता, आणि म्हणूनच चुकांनीं भरलेला होता. धारा जड झाला, इंदापूर भागांत रयत जमीन टाकून गेली. मग १८३५ च्या पुढें गोल्डस्मिड आणि विंगेट ह्यांनीं तेथेंच नव्यानें काम केलें; जमिनीचे साधे, थोडे वर्ग केले आणि धारा हलका व दीर्घ मुदतीचा ठेवला. सबंध मुंबई इलाख्याची पद्धति पुढें त्यावर उभी राहिली. पुढें काय लागेल ह्याचा फार बारीक अंदाज बांधून केलेली व्यवस्था टिकत नाहीं. थोडी आणि ऐसपैस केलेली टिकते.

आतां वांटणीच्या नव्या पद्धतीकडे वळूं. एम-बी-आर च्या नोंदींत सेक्टरांची संख्या ३२ द्विमान अंकांत लिहिली जाते. तेवढ्या जागेंत ४,२९,४९,६७,२९६ एवढ्याच सेक्टरांची मोजदाद होते. त्यास ५१२ नें गुणलें कीं सुमारें २.२ लाख कोटि बाइट, म्हणजे ढोबळ मानानें दोन टेराबाइट होतात. त्याहून मोठ्या तबकडीचा उरलेला भाग त्या कोष्टकाला दिसतच नाहीं. जणूं मोजणीची साखळी नदीपर्यंत पोंचली आणि पलीकडचें शिवार कागदावर आलेंच नाहीं. इंटेल कंपनीनें १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस यंत्र सुरू करण्याची जी नवी व्यवस्था आंखली, तिच्याबरोबर नवें कोष्टक आलें. त्यास जी-पी-टी म्हणतात. त्यांत संख्या ६४ द्विमान अंकांची असते, चाराऐवजीं सामान्यतः १२८ नोंदींची सोय असते, आणि प्रत्येक भागाला जगांत दुसऱ्या कोणाचा नसेल असा ओळख-क्रमांक मिळतो.

परंतु मला त्यांतील दोन गोष्टी विशेष आवडल्या. पहिली ही कीं, कोष्टकाची एक प्रत तबकडीच्या आरंभीं आणि दुसरी अगदीं शेवटीं असते, आणि दोन्हींवर पडताळ्याचा आंकडा असतो. एक प्रत बिघडली तर आंकडा जुळत नाहीं, आणि दुसऱ्या प्रतीवरून ती दुरुस्त करतां येते. गांवच्या दप्तराची नक्कल तालुक्याच्या कचेरींत ठेवण्यामागें हाच विचार होता. दुसरी गोष्ट अशी कीं, पहिल्या सेक्टरांत जुन्या पद्धतीची एक नोंद मुद्दाम केलेली असते, आणि ती सांगते कीं ही सबंध तबकडी व्यापलेली आहे. नवें कोष्टक ज्याला वाचतां येत नाहीं अशा जुन्या साधनानें जागा मोकळी समजून अतिक्रमण करूं नये, एवढ्यासाठीं ही पाटी. नवें करतांना जुन्याच्या अज्ञानाचीहि ज्यानें तरतूद केली, त्या कारागिराच्या समजूतदारपणाचें मला कौतुक वाटतें.

मग घरीं काय करावें? १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० ला कंपनीचा नित्याचा पाठिंबा संपला. त्यामुळें कित्येक घरीं प्रणाली नव्यानें बसविण्याचा प्रसंग आला आहे, आणि वांटणीचा विचार करण्याची खरी वेळ तीच. यंत्र गेल्या दहाएक वर्षांतलें असेल, तर जी-पी-टी पद्धति घ्यावी. विंडोज ११ सुरू करावयाची तबकडी तर ह्याच पद्धतीची लागते, आणि दोन टेराबाइटच्या वरची तबकडी पुरी वापरायची तर दुसरा उपाय नाहीं. एम-बी-आर ठेवावी ती केवळ फार जुन्या यंत्रासाठीं. प्रणाली बसवितांना ती स्वतःच्या सोयीचे कांहीं लहान भाग आपण होऊन करते. एक यंत्र सुरू करण्याचा, एक दुरुस्तीचा. ते गांवच्या गायरानासारखे समजावे. आपल्या उपयोगाचे दिसत नाहींत म्हणून ते पुसूं नयेत.

राहिला आपल्या भागांचा प्रश्न. तबकडी २५६ गिगाबाइटची किंवा त्याहून लहान असेल, तर ती फोडूंच नये; एवढ्या जमिनींत बांध घालणें परवडत नाहीं. ५०० गिगाबाइटच्या वर असेल, तर दोन भाग पुरेत: एक प्रणालीचा, आणि तो हात सैल सोडून दीडशें-दोनशें गिगाबाइटचा; दुसरा घरच्या मजकुराचा. लिनक्स वापरणाऱ्यांनीं हीच गोष्ट होम नांवाचा भाग निराळा ठेवून साधावी, म्हणजे प्रणाली बदलली तरी घर बदलत नाहीं. ह्याहून अधिक भाग ज्याला पाडायचे असतील, त्यानें प्रत्येक भागाचें कारण एका वाक्यांत कागदावर लिहावें. लिहितां आलें नाहीं, तर तो भाग पाडूं नये. फोटो, गाणीं, मुलांचा अभ्यास ह्यांना निराळे भाग लागत नाहींत; निराळ्या फोल्डरा पुरतात. एका शेतांत ज्वारी आणि हरभरा वेगवेगळे पेरायला मध्यें दगडी बांध लागत नाहीं.

आणि सर्वांत शेवटीं, पण सर्वांत अगत्याचें: मजकुराची एक प्रत निराळ्या तबकडीवर असावी, आणि ती शक्य तर निराळ्या घरांत असावी. मी आतां महिन्यांतून एकदां लहानशी बाहेरची तबकडी जोडतों, नक्कल करतों, आणि ती भाच्याकडे चिंचवडला पाठवितों. ह्या कामास अर्धा तास लागतो. आठ वर्षांचें काम त्या अर्ध्या तासाच्या आळसानें दोनदां गेलें.

गेलेल्यांपैकीं कांहीं परत मिळालें का, असें आपण विचाराल. दोन गांवांचीं शेतांचीं नांवें मिळालीं. कारण तीं मीं संगणक येण्यापूर्वीं पेन्सिलीनें वहींत लिहिलेलीं होतीं. बाकीच्या गांवीं मी पुन्हां गेलों. घरें सांपडलीं, सांगणारे बहुतेक सांपडले नाहींत. एका घरीं नातवानें मोठ्या अगत्यानें उतारा काढून दाखविला. त्यावर गट नंबर होता, क्षेत्र होतें, आकार होता. शेताचें नांव मात्र त्याला ठाऊक नव्हतें; आजोबा सांगत असत, एवढेंच तो म्हणाला. तें नांव त्याच्या आजोबांनीं मला सांगितलें होतें, आणि मीं तें डी आणि ई अशा दोन्ही भागांत जपून ठेवलें होतें.